घरच्या संगणकाची मोफत पाहणी



कपाशीवर कीड येऊ नये म्हणून आपण बीजप्रक्रिया करतो, बांधाला झेंडू-मका लावतो, वेळेवर निंबोळी अर्क फवारतो. एवढे करूनही जाणता शेतकरी आठवड्यातून एकदा शेतात शिरतोच. इथली चार, तिथली चार झाडे निवडतो, पाने उलटी करून पाहतो आणि मग पुढचे ठरवतो. फवारणी हे एक काम आणि पाहणी हे दुसरे. २००८ साली सोयाबीनवर अळ्यांनी कहर केला. त्यानंतर आपल्या राज्यात क्रॉपसॅप हा कीड सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, तोही याच विचाराने.

आज लिहायचे आहे ते मात्र कपाशीबद्दल नाही, घरच्या संगणकाबद्दल आहे. खेड्यातल्या पुष्कळ घरांत आता संगणक आला आहे. कुठे मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला लॅपटॉप आहे, कुठे दूध संस्थेच्या हिशेबासाठी ठेवलेला जुना संच आहे. त्यात सातबाराचे उतारे असतात, पीक विम्याच्या पावत्या असतात, ठिबकच्या अनुदानासाठी जोडलेली कागदपत्रे असतात, बचत गटाचा हिशेब असतो, आणि त्याच यंत्रावरून बँकेचा व्यवहारही होतो. घरातले लोखंडी कपाट कोणी फोडले तर सकाळी उठल्याबरोबर कळते. संगणकात कोणी शिरले तर महिनोन् महिने कळत नाही. म्हणून त्याचीही पाहणी हवी, आणि ती करण्याची साधने फुकट मिळतात, हे सांगण्यासाठी हा लेख.

राखणदार वेगळा, पाहणीदार वेगळा

संगणकातील व्हायरसविरुद्ध दोन तऱ्हेची सॉफ्टवेअर असतात. पहिले म्हणजे राखणदार. तो चोवीस तास जागा असतो. तुम्ही फाईल उघडली, पेनड्राइव्ह लावला, काही उतरवून घेतले, की तो आधी तपासतो आणि मगच आत सोडतो. विंडोज १० व ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर नावाचा असा राखणदार मुळातच बसवलेला असतो. त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.

दुसरा पाहणीदार. त्याला तुम्ही बोलावले तरच तो येतो, घर धुंडाळतो, सापडले ते दाखवतो, काढून टाकतो आणि जातो. तो गेल्यावर दारावर कोणी नसते. इंग्रजीत याला 'ऑन डिमांड स्कॅनर' म्हणतात, म्हणजे मागणी केली की तपासणी करणारा.

राखणदार असताना हा दुसरा कशाला, असे कोणीही विचारील. कारण असे की राखणदार ज्याला चोर म्हणून ओळखतो त्यालाच अडवतो. एखादी नवी कीड आज आली आणि तिची ओळख राखणदाराच्या यादीत चार दिवसांनी आली, तर मधल्या चार दिवसांत ती आत बसलेली असते. काही व्हायरस तर आत शिरताच पहिले काम राखणदाराला झोपवण्याचे करतात. अशा वेळी दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्या यादीने काम करणाऱ्या माणसाचे मत घेणे शहाणपणाचे. माती परीक्षणाचा अहवाल विचित्र आला तर आपण नमुना दुसऱ्या प्रयोगशाळेत पाठवतोच ना?

मग दोन राखणदारच ठेवू, असा विचार काही जण करतात. तो चुकीचा आहे. दोघेही प्रत्येक फाईल एकाच वेळी पकडायला धावतात, एकमेकांवरच संशय घेतात आणि संगणक बैलगाडीसारखा चालू लागतो. यासाठीच बाहेरचे दुसरे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. पाहणीदाराचे तसे नाही. तो सतत जागा नसल्याने राखणदाराशी त्याचे सहसा भांडण होत नाही.

ओळख कशी पटते

पर्सनल काँप्युटरवर पसरलेला पहिला मोठा व्हायरस म्हणून 'ब्रेन'चे नाव घेतले जाते. तो १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि फ्लॉपीवरून जगभर गेला. त्या काळी राखणदार नव्हतेच. बिघडलेला संगणक दुकानात यायचा, दुकानदार फ्लॉपीवरचा पाहणी कार्यक्रम चालवून तो साफ करायचा. पुण्याच्या क्विक हीलची सुरुवातही अशीच झाली. कैलाश काटकर यांचे कॅल्क्युलेटर व संगणक दुरुस्तीचे दुकान होते. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा धाकटे बंधू संजय यांनी ते काढण्याचे सॉफ्टवेअर लिहिले. हा १९९० च्या दशकातला मजकूर आहे.

पाहणीदार मुख्यतः दोन खुणांवर काम करतो. एक म्हणजे माहीत असलेल्या व्हायरसच्या अंगावरच्या खुणांची यादी. दुसरी म्हणजे वागणूक: एखादा कार्यक्रम दुसऱ्यांच्या फाईली बदलू पाहतो, स्वतःला लपवतो, संगणक सुरू होताच न सांगता सुरू होतो, तर नाव माहीत नसले तरी तो संशयित. पहिल्या खुणेचा अर्थ असा की यादी ताजी पाहिजे. मागच्या वर्षी उतरवून ठेवलेला पाहणीदार आज चालवणे म्हणजे मुदत संपलेले औषध फवारण्यासारखे आहे. फवारल्याचे समाधान मिळते, कीड तशीच राहते.

कोणती साधने घ्यावीत

नवख्याने आधी घरात आहे तेच वापरावे. 'विंडोज सिक्युरिटी' उघडावी, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' मध्ये जावे आणि 'स्कॅन ऑप्शन्स' पाहावे. तिथे 'क्विक स्कॅन' म्हणजे व्हायरस बहुधा लपतात त्या जागांची धावती पाहणी, 'फुल स्कॅन' म्हणजे सगळे घर, आणि 'कस्टम स्कॅन' म्हणजे तुम्ही सांगाल तेवढीच खोली. पेनड्राइव्हसाठी हे उपयोगी. दुसरे अँटिव्हायरस बसवलेले असेल तर याच ठिकाणी 'पिरिऑडिक स्कॅनिंग' चालू करता येते. मग डिफेंडर राखण करत नाही, पण अधूनमधून पाहणी करून जातो.

त्यानंतर बाहेरचा पाहणीदार. मायक्रोसॉफ्टचाच 'सेफ्टी स्कॅनर' हा साधा आणि विश्वासाचा आहे. तो संगणकात बसवावा लागत नाही, उतरवून दोनदा टिचकी मारली की चालतो. उतरवल्यापासून १० दिवसांनी तो निकामी होतो, म्हणजे पुढच्या वेळी नवाच घ्यावा लागतो. मला ही अट फार आवडते. शिळी यादी वापरण्याची सोयच ठेवलेली नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तपासणी चालू असताना तो मध्येच 'इतक्या फाईली बाधित' असा आकडा दाखवतो आणि शेवटी 'काही सापडले नाही' असे सांगतो. यात फसवणूक नाही. मधला आकडा नुसत्या संशयाचा असतो, खरा निकाल शेवटचाच. पुष्कळ लोक मधला आकडा पाहूनच घाबरून यंत्र बंद करतात.

दुसरे मत म्हणून 'इसेट ऑनलाइन स्कॅनर' किंवा 'मालवेअरबाइट्स'ची मोफत आवृत्ती घ्यावी. मालवेअरबाइट्स पहिले काही दिवस राखणदारही होऊन दाखवते. ती नमुन्याची मुदत असते. ती संपली की पैसे भरा असे सुचवते. न भरल्यास पाहणीचे काम मोफत चालूच राहते, तेव्हा गोंधळून जाऊ नये. नको त्या जाहिराती सारख्या उघडत असतील, ब्राउझरचे पहिले पान आपोआप बदलले असेल, तर त्याच कंपनीचे 'अ‍ॅडडब्ल्यूक्लीनर' हे छोटे साधन त्यासाठीच आहे.

आपल्या सरकारनेही हे काम हाती घेतलेले आहे, याची खेड्यात कमी जणांना माहिती असते. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये 'सायबर स्वच्छता केंद्र' सुरू केले. 'सर्ट-इन' ही संस्था ते चालवते. व्हायरस काढण्याची भारतीय कंपन्यांची साधने त्याच्या मार्फत नागरिकांना विनामूल्य दिली जातात.

याउपर चौथे-पाचवे साधन गोळा करू नये. एकाच पिकावर पाच औषधांचे मिश्रण मारणाऱ्याला आम्ही जे सांगतो तेच इथे.

ही साधने घ्यायची कुठून, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणावरूनच घ्यावीत. इंटरनेटवर फिरताना अचानक लाल पाटी येते, भोंगा वाजतो, 'तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा' असे लिहिलेले असते. तो पाहणीदार नव्हे, दरोडेखोर आहे. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. अशी पाटी आली तर काही दाबू नये, ब्राउझर बंद करावा, होत नसेल तर सरळ संगणक बंद करावा.

पेनड्राइव्हची गोष्ट

खेड्यात व्हायरसची मोठी वाट म्हणजे पेनड्राइव्ह. तो सेवा केंद्रात लागतो, झेरॉक्सच्या दुकानात लागतो, शाळेत लागतो आणि मग घरी येतो. रोपवाटिकेतून रोग येतो तसेच हे.

आमच्या भागातल्या एका बचत गटाच्या सचिव ताईंच्या बाबतीत घडले ते सांगतो. तीन वर्षांचा हिशेब, कर्जाचे हप्ते, सभासदांच्या सह्यांची चित्रे, सगळे एका पेनड्राइव्हवर. तालुक्याच्या दुकानात त्यावरून अर्जाची छपाई केली. घरी येऊन पाहतात तो एकाही फोल्डरमध्ये काही नाही. प्रत्येकाच्या चित्रावर छोटा बाण आणि आकार एक-दोन केबी. दुसऱ्या दुकानदाराने पाहिले आणि म्हणाला, "वहिनी, यातलं सगळं गेलं. फॉरमॅट मारावा लागेल." बँकेची तपासणी आठ दिवसांवर आलेली होती.

प्रत्यक्षात काहीच गेलेले नव्हते. या जातीला लोक 'शॉर्टकट व्हायरस' म्हणतात. तो खऱ्या फोल्डरांवर 'लपलेले' अशी खूण मारतो आणि त्यांच्या जागी त्याच नावाच्या खोट्या पाट्या लावतो. पाटीवर टिचकी मारली की आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडते, त्यामुळे कित्येकांना संशयही येत नाही. ताईंच्या भाच्याने घरच्या संगणकावरून पेनड्राइव्हची 'कस्टम स्कॅन' केली, व्हायरस आणि पाट्या काढून टाकल्या. तरीही फोल्डर दिसेनात, कारण पाहणीदार कीड काढतो, किडीने मारलेली खूण तो काढीलच असे नाही. 'अ‍ॅट्रिब' नावाची एक आज्ञा विंडोजमध्ये असते, तिने ती खूण पुसली आणि तिन्ही वर्षांचा हिशेब जसाच्या तसा परत आला. नंतर त्याने संगणकाचीही पूर्ण तपासणी केली, कारण संगणकात कीड राहिली असती तर पेनड्राइव्ह पुन्हा लागताच पुन्हा तेच.

तेव्हा फॉरमॅटचे नाव कोणी काढले तर आधी पाहणी होऊ द्या. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह उघडण्याआधी त्यावर उजवी कळ दाबून स्कॅन करण्याची सवय घरातल्या मुलांना लावा. दोन मिनिटांचे काम आहे.

दुसरी वाट चोरीच्या सॉफ्टवेअरची. मराठी टंकलेखनाचे, हिशेबाचे, किंवा खुद्द विंडोजचेच कुलूप तोडलेले सॉफ्टवेअर शंभर-दोनशे रुपयांत बसवून मिळते. बसवणारा म्हणतो, "दादा, पाच मिनिटं अँटिव्हायरस बंद करतो." हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. खुणचिठ्ठी नसलेल्या, पावती न देणाऱ्याच्या बियाण्यावर आपण विश्वास ठेवत नाही, मग इथे का ठेवावा? मराठी लिहिण्याची सोय तर विंडोजमध्ये फुकटच असते.

ढालकिड्याची अळी

पाहणीत काही सापडले म्हणजे ते वाईटच, असे नाही. ढालकिड्याची अळी आपण सर्वांनी पाहिली आहे. काळपट, काटेरी, दिसायला भयंकर. पण ती मावा खाते. तिला शत्रू समजून फवारणारे शेतकरी अजून भेटतात. पाहणीदाराकडूनही असे होते. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफी कंपनीच्या एका नव्या यादीने विंडोज एक्स्पीमधली एक अत्यावश्यक फाईलच व्हायरस ठरवली, आणि जगभरातले असंख्य संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू होत बसले. ही पैसे देऊन घेतलेल्या सॉफ्टवेअरची गोष्ट आहे, म्हणून मोफत साधनालाच नावे ठेवण्यात अर्थ नाही.

यासाठी सापडलेली वस्तू लगेच कायमची 'डिलीट' करू नये, 'क्वारंटाइन' करावी. म्हणजे ती कोंडून ठेवली जाते, काम करू शकत नाही, आणि चूक निघाल्यास परत आणता येते. एकाच फाईलबद्दल शंका असेल तर 'व्हायरसटोटल' नावाचे ठिकाण आहे. स्पेनमध्ये २००४ साली सुरू झालेले हे ठिकाण २०१२ मध्ये गुगलने घेतले. तिथे फाईल दिली की अनेक कंपन्यांचे पाहणीदार तिच्याबद्दल आपापले मत देतात. बहुतेकांनी वाईट म्हटले तर वाईट. साठ-सत्तरांत एखाद-दुसऱ्यानेच म्हटले तर घाई करू नये. मात्र तिथे दिलेली फाईल त्या कंपन्यांनाही पाहता येते. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, सातबारा असले खासगी कागद तिथे कदापि देऊ नयेत.

याच्या उलट, पाहणीत काही सापडले नाही म्हणून संगणक निरोगी, असेही समजू नये. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरते आणि तिने पाडलेले छिद्र मागे बुजून जाते. बाहेरून बोंड छान दिसते. काही व्हायरस विंडोज सुरू होताना तिच्याच खाली जाऊन बसतात आणि विंडोजमधून पाहणाऱ्याला दिसतच नाहीत. म्हणून 'स्कॅन ऑप्शन्स' मध्ये शेवटी 'ऑफलाइन स्कॅन' दिलेली आहे. ती निवडली की संगणक बंद होऊन वेगळ्या रीतीने सुरू होतो आणि विंडोज उठण्याआधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटे लागतात. आधी चालू काम जतन करून ठेवावे. डोमकळी दिसली की आपण बोंड फोडून पाहतो, तशीच इथलीही लक्षणे आहेत: अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे, काही न करता पंखा जोरात फिरणे, डेटा लवकर संपणे. अशा वेळी ही तपासणी अवश्य करावी.

पूर्ण तपासणीला कित्येक तास लागू शकतात. विजेचे वेळापत्रक पाहून ती लावावी, लॅपटॉप असेल तर चार्जर जोडूनच. मोबाईलच्या इंटरनेटवर संगणक चालवत असाल तर साधन उतरवायला आणि यादी ताजी करायला बराच डेटा लागतो. तो रात्री उरलेल्या डेटातून उतरवावा आणि पहाटे तपासणी लावावी. महिन्यातून एकदा पूर्ण, आठवड्यातून एकदा धावती, एवढे घरच्या संगणकाला पुरे होते. वार्षिक पैसे भरून दुसरे अँटिव्हायरस घेतलेच पाहिजे, असे माझे मत नाही. विंडोज मात्र चालू आधाराची हवी. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी ११ वर जाता येते का, किंवा मुदतवाढीची सुरक्षा दुरुस्ती घेता येते का, ते जाणकाराकडून पाहून घ्यावे.

ज्यापुढे पाहणी हरते

खंडणीखोर व्हायरस फाईलींना कुलूप लावतो आणि पैसे मागतो. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या अशाच रूपाच्या व्हायरसने युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीतून शिरून जगभर धुमाकूळ घातला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक पडले आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे काम अडले. आपली द्राक्षे आणि कांदा ज्या बंदरातून परदेशी जातो तेच हे बंदर. पैसे भरले तरी त्या फाईली परत मिळण्याची सोयच त्या व्हायरसमध्ये नव्हती.

अशा वेळी पाहणीदार व्हायरस काढील, लागलेले कुलूप उघडणार नाही. काही जातींच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या २०१६ पासून चालू असलेल्या उपक्रमात मोफत मिळतात, पण सर्व जातींच्या नाही. म्हणून महत्त्वाच्या फाईलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवावी. संगणकाला जोडून ठेवलेल्या प्रतीलाही तेच कुलूप लागते. दूध संस्था आणि गट यांनी दर महिन्याचा हिशेब बंद होताच ही प्रत घ्यावी, आणि प्रत घेण्याआधी तपासणी करावी, म्हणजे प्रतीबरोबर कीड जात नाही.

तपासणीत पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला तर काढून टाकून स्वस्थ बसू नये. पहिल्यांदा संगणकाचे इंटरनेट तोडावे. मग दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलावेत. त्याच संगणकावरून बदलले तर नवेही चोराला कळतात. खात्यातून रक्कम गेलेली दिसली तर ताबडतोब १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवावी आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. हा क्रमांक संगणकात लिहून न ठेवता भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.